महालचा धूर संत्र्याच्या बाटलीत मावत नाही

नागपूरच्या नावाने उद्या कोणी परफ्यूम काढलं तर त्यात संत्रं असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बर्फीपासून शहराच्या टोपणनावापर्यंत आपण सगळ्याला संत्रं चिकटवलंय. माझं म्हणणं सरळ आहे: तो वास शहराच्या जाहिरातीचा आहे. शहराचा वास हवा असेल तर महालात या, आणि धुराची तयारी ठेवा.

आधी रसायनशास्त्र. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हलकं असतं. अंगावर मारलं की सगळ्यात आधी तेच उडतं. धुराचा वास देणारं बर्चच्या सालीचं डांबर किंवा केडचं तेल मात्र तासन्‌तास टिकतं. म्हणजे निव्वळ टिकण्याचा हिशेब केला तरी संत्रं हरतं.

‘पण परफ्यूममध्ये धूर कोण घालतं बे?’ घालतात. कॉम द गार्सों या कंपनीने २००२ मध्ये धूपावर आधारित पाच परफ्यूम काढली आणि त्यांना गावांची नावं दिली. त्यात क्योतो आहे, आविन्यों आहे आणि आपलं जैसलमेरसुद्धा आहे. आपल्याकडे कनौजचे कारागीर तर कधीपासून भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. तेव्हा फुलाफळांशिवाय अत्तर होत नाही, ही सबब चालणार नाही.

पण जैसलमेरची ती बाटली मसाले, लाकूड आणि धूप यांवर थांबते. परदेशी नाकाला भारत जसा हवा असतो, तसाच तो आहे. धुराला विचारायचा पहिला प्रश्न असतो: काय जळलं? तो प्रश्न ती बाटली विचारत नाही. महालच्या बाटलीला तो टाळता येणार नाही.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, महालातला काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडाचा राजवाडा आगीत गेला. हा पहिला धूर. कोरलेल्या लाकडाचा आणि गेलेल्या राज्याचा.

दुसरा धूर मारबतीचा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असं सांगतात. काळ्या मारबतीचं नातं लोक भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात. इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा राग त्यात आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतींसोबत बडगेही निघतात. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या नेत्याचा. सगळ्या ईडापीडेला शिव्या घालत शेवटी जाळतात. बांबू, कागद, रंग आणि वर्षभराचा राग. असा वास दुसऱ्या कुठल्या शहराकडे आहे?

तिसरा धूर मला आवडत नाही, पण वगळणार नाही. १७ मार्च २०२५ च्या रात्री चिटणीस पार्कच्या आसपास दगडफेक झाली, गाड्या पेटल्या, संचारबंदी लागली. जखमी झालेल्या एकाने पुढे रुग्णालयात जीव सोडला. जळलेल्या टायरचा वास कोणत्याही जाहिरातीत बसत नाही. पण ज्या शहराला पुतळा जाळून राग मोकळा करायची रीत १४० वर्षांपासून ठाऊक आहे, त्याच शहरात शेजाऱ्याची गाडी जळते. दोन्ही धूर नाकात जातात तेव्हा सारखेच झोंबतात. फरक फक्त काय जळलं यात आहे, आणि तो फरक विसरला की मारबतीचीही नुसती मिरवणूक उरते.

कोणी म्हणेल, शहराची बदनामी होईल आणि असलं झोंबणारं काही कोण विकत घेणार? भाऊ, सावजी रस्सा खाताना आपल्या नाकाडोळ्यांतून पाणी येतं आणि आपण वाटी पुन्हा पुढे करतो. नागपूरकराला गुळगुळीत काही आवडतं, हा शोध नागपूरबाहेरच लागलेला असतो.

म्हणून जो कोणी ही बाटली बनवेल त्याला एवढंच सांगणं आहे. संत्रं घालायचं तर घाला, वरवर, पहिल्या पंधरा मिनिटांपुरतं. खाली लाकूड, कागद आणि थोडं रबर राहू द्या. आणि लेबलवर ‘संत्रानगरी’ छापण्याऐवजी काय काय जळलं ते लिहा, तारखांसकट.