फुगे, माकडे आणि जुने यंत्र

शाळेला सुट्टी लागली आणि मुले संगणकापुढे बसली की घराघरांत तक्रार सुरू होते. शिक्षक या नात्याने त्या तक्रारीत आमचाही सूर असतो. परंतु आज एक कबुली देणे भाग आहे. असा एक खेळ आम्ही स्वतः गेली अनेक वर्षे आवडीने खेळत आलो आहोत. तो आपल्यासारख्याच एका बेटांच्या देशातून, न्यूझीलंडमधून आलेला आहे. त्याचे नाव 'ब्लून्स टॉवर डिफेन्स'.

ऑकलंड येथे २००६ साली क्रिस आणि स्टीव्हन हॅरिस या भावांनी 'निंजा किवी' ही कंपनी काढली. त्यांचा हा खेळ २००७ साली आला. वळणावळणाच्या वाटेने रंगीत फुगे येतात. वाटेच्या कडेला आपण माकडे बसवायची आणि त्यांनी फुगे फोडायचे. ऐकताना पोरखेळ वाटतो, पण खेळताना डोके लागते. निळा फुगा फोडला की आतून लाल निघतो, हिरवा फोडला की निळा. शिशाच्या फुग्यावर बाण चालत नाही, तेथे तोफ हवी. काही फुगे साध्या माकडांना दिसतच नाहीत. माकड कोठे बसवावे, हा तर खरा प्रश्न. शिवाजी महाराजांनी १६६१ साली उंबरखिंडीत मोगल फौज अडवली, तेव्हा जागेची निवड हीच निम्मी लढाई होती. येथेही वळणावर बसवलेले एक माकड सरळ वाटेवरच्या दोघांचे काम करते.

दुसरा धडा पैशाचा. प्रत्येक फुग्यामागे थोडे पैसे मिळतात. ते लगेच माकडांवर खर्च करावेत, की केळीची बाग लावून पुढच्या उत्पन्नाची वाट पाहावी? बाग लवकर लावली तर आज हरण्याची भीती, उशिरा लावली तर उद्या खिसा रिकामा. कष्टाने घर उभारलेल्या आपल्या आजोबांना हा हिशेब कोणी शिकवावा लागला नसता.

त्रासही कमी नाही. आमचा संगणक जुना. फुग्यांची गर्दी झाली की चित्र अडखळू लागते. फोनवर आमचे जाड बोट एका माकडाऐवजी दुसऱ्यावर पडते आणि चष्मा सापडेपर्यंत दहा फुगे निसटतात. तरीही खेळ सुटला नाही. ज्यात मन रमते, त्याची गैरसोय माणूस सोसतो.

पण एके दिवशी खेळ उघडेचना. पुतण्या म्हणाला, "काका, खेळ बिघडलेला नाही. तो चालवणारे यंत्रच बंद केले आहे." ते खरे होते. हे जुने खेळ फ्लॅश नावाच्या साधनावर चालत. अडोबी कंपनीने २०१७ साली सूचना देऊन ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला. जगभरचे हजारो छोटे खेळ एकदम मुके झाले. मात्र ऑकलंडच्या मंडळींनी हात झटकले नाहीत. खेळाचा सहावा भाग त्यांनी २०१८ सालीच फ्लॅशवाचून चालणारा काढला होता. शिवाय आपले जुने खेळ गोळा करून त्यांचा एक विनामूल्य संग्रहही केला. इतरत्र स्वयंसेवकांनी असेच श्रम करून अनेक खेळ वाचवले.

हे वाचून आम्हाला आमच्याच घरातली एक फाईल आठवली. वीस वर्षांपूर्वी आजीकडून ऐकलेली झाकरीची गाणी आम्ही एका जुन्या मराठी फाँटमध्ये टाईप केली होती. परवा उघडली, तर पडद्यावर नुसती निरर्थक चिन्हे. आजी आता नाही. दैव बरे म्हणून छापलेली एक प्रत देव्हाऱ्याखालच्या खणात सापडली. ती नसती तर गाणी गेलीच होती. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान आहे. तरी आळस आमचाच.

माकडांच्या खेळाला कोणी वाली मिळाला. आपल्या आजीच्या गाण्यांना आपल्यावाचून दुसरा वाली कोण? फुगे फोडणाऱ्या मुलांवर रागावू नका. ती यंत्र आपल्याहून बरे जाणतात. या सुट्टीत त्यांच्याशेजारी एक तास बसा. जुनी वही, जुने पत्र, जुनी फाईल काढा. तुम्ही वाचा, त्यांना युनिकोडमध्ये लिहू द्या. आणि काम झाल्यावर एक डाव त्यांच्याबरोबर जरूर खेळा.