शिर सलामत तर पगडी पचास



लंडनमध्ये २००७ पासून अमेरिकन फुटबॉलचे अधिकृत सामने होतात. या खेळात किकऑफला खेळाडू लांबून धावत येऊन एकमेकांवर आदळत. आम्ही इंजिनिअर मंडळी जाणतोच, वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट! म्हणून २०२४ मध्ये नियम बदलला. आता बहुतेक खेळाडू जवळजवळ समोरासमोर उभे राहतात आणि चेंडू खाली येईपर्यंत हलत नाहीत.

आपली मुले शाळेत खेळतात ते रग्बी. इंग्लंडमध्ये २०२३ पासून शालेय आणि हौशी रग्बीत टॅकल छातीच्या हाडाच्या खालीच करायचा, असा नियम आहे. पण नियमाने धोका कमी होतो, संपत नाही. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार लागल्यावरही खेळत राहिला, त्याच सामन्यात पुन्हा मार बसला आणि तो दगावला.

२०२३ च्या सरकारी सूचना स्पष्ट आहेत: कन्कशनची नुसती शंका आली तरी लगेच मैदानाबाहेर, आणि किमान २१ दिवस सामना नाही. मुले "काही झालं नाही" म्हणणारच. थांबवायचे आपणच. संघातली जागा पुन्हा मिळते, डोके नाही.