निष्ठा होती ती युनियनशी



गेल्या अंकातल्या पत्रात परदेशीपुऱ्याचे मतदार ‘वाऱ्यासोबत फिरले’ असं म्हटलंय. मी इथलाच; वडील एका मिलच्या साचेखात्यात होते.

१९६२ मध्ये कामगारांच्या बळावर युनियनचे नेते होमी दाजी अपक्ष म्हणून लोकसभेत गेले, तेव्हाही निष्ठा पक्षापेक्षा युनियनशीच होती. पगार अडला, पोराचा दाखला अडला, की वडील सायकल काढून युनियनच्या कचेरीत जात. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली, हळूहळू कचेऱ्याही ओस पडल्या. मग अडीअडचणीला धावू लागले अनंत चतुर्दशीच्या झांकीला (चित्ररथाला) वर्गणी देणारे, दवाखान्यात सोबत येणारे भाजपचे ‘भैया’. १९९३ पासून आमचा इंदूर-दोन विधानसभा मतदारसंघ भाजपकडेच आहे.

पण सगळं खापर मिलबंदीवर फोडू नये. भाजपच्या सुमित्राताई महाजन लोकसभेला १९८९ मध्येच जिंकल्या, मिलचा भोंगा तेव्हा वाजत होता. आईने घरात कुणाला न विचारता ‘आपली ताई’ म्हणून मत दिलं. वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

हुकुमचंदच्या कामगारांची थकबाकी सुटली २०२३ च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांनी. यांना चंचल म्हणणाऱ्या पत्रलेखकाने एकदा आमच्या ओट्यावर चहाला यावं.

– एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर