सुईला भिऊ नका, पट्टीला भुलू नका

हातापायातली शक्ती जाणे, पोटरी वाळत जाणे, बोटांची पकड सुटणे अशा तक्रारी घेऊन नांदेड-लातूरकडचे रुग्ण येतात. काहींना मी ई.एम.जी., म्हणजे स्नायूंतील विजेचा आलेख काढायला सांगतो. त्यात स्नायूत बारीक सुई घालावी लागते. सुईचे नाव काढताच काहीजण मागे सरतात. "आता कातडीवर पट्टी लावूनच सगळं कळतं म्हणे!" असेही ऐकवतात. हे अर्धसत्य आहे, आणि त्यापायी निदान लांबते.

वाचकहो, ऊसतोडीचा मुकादम डोळ्यांपुढे आणा. मज्जारज्जूतील एकेक चेतापेशी म्हणजे मुकादम आणि तिच्या हुकुमातले स्नायुतंतू म्हणजे टोळी. हाताच्या लहान स्नायूत टोळी शंभरेक तंतूंची, पोटरीत हजारावर. यालाच 'मोटर युनिट' म्हणतात. एखादा मुकादम गेला, तर शेजारचा त्याची माणसे आपल्या टोळीत घेतो. पोलिओनंतर नेमके हेच घडते. सुई टोळीच्या जवळ जाऊन हा बदल टिपते.

कातडीवरून मात्र साऱ्या टोळ्यांचा गलका एकदम ऐकू येतो. ६४ टिपक्यांची पट्टी लावून संगणक त्यातून एकेक टोळीचा आवाज निवडतो. हात स्थिर धरून जोर लावला, तर हे बऱ्यापैकी जमते. पण हात हलला, की कातडीखाली स्नायू सरकतो, त्याची लांबी बदलते आणि त्याच टोळीचा आवाज निराळा भासतो. संगणकाची गफलत होते. खोलवरच्या टोळ्या तर ऐकूच येत नाहीत.

माझे मत असे, की हलत्या हातावरचे हे संशोधन जोमाने व्हायलाच हवे. आपला माणूस कापूस वेचतो, कोयता चालवतो. त्याचा स्नायू कुठे थकतो ते कामातच कळेल. लहान मुलांना तर बिनसुईची तपासणी वरदानच ठरेल. परंतु निदानासाठी आज ती सुईची जागा घेऊ शकत नाही.

सुई थोडी दुखते, एखादा दिवस ठणकते, इतकेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि अशक्तपणा दिवसागणिक वर चढत असेल, गिळायला वा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर कुठल्याही आलेखाची वाट न पाहता तडक मोठे रुग्णालय गाठा.