शिंपल्याची घडण

सोलाणी घरोघर येण्याआधी आपल्याकडे कैरी सोलायला शिंपला असे. त्याची फुगीर पाठ काळ्या दगडावर घासायची. भोक पडले की त्या भोकाची कड साल काढायला तयार. कठीणपणाचे शास्त्र यातच आहे. शिंपला ज्या अॅरॅगोनाइट खनिजाचा बनतो, त्याचा कठीणपणा मोह्सच्या मापपट्टीवर 3.5 ते 4 भरतो, काळ्या दगडातल्या फेल्डस्पारचा 6. म्हणून दगड शिंपल्याला झिजवतो आणि शिंपला कैरीला सोलतो.

पण नुसते कठीण असून भागत नाही. अॅरॅगोनाइटचा खडा एका ठोक्यात तडकतो, शिंपला सहसा तसा फुटत नाही. त्याच्या आतल्या चकचकीत थरात सुमारे 95 टक्के खनिजच असते, मात्र ते जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीच्या चकत्यांचे, विटांच्या भिंतीसारखे सांधेमोड करून रचलेले. दोन थरांमध्ये प्रथिनाचा पातळ लेप. तडा गेलाच, तर त्याला चकत्यांना वळसे घालत जावे लागते आणि त्यातच त्याचा जोर सरतो. बाहेरची काळपट साल पाण्यातल्या आम्लापासून चुन्याचे रक्षण करते. जुना शिंपला हातात घ्या: बिजागरीजवळ ही साल खरवडली गेली असेल, तर तिथले कवच पोखरलेले दिसेल.

ही घडण करणारा जीव नदीचे पाणी गाळून पोट भरतो आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियमही तिथूनच मिळवतो. नदीतल्या मोठ्या शिंपल्यांची पिल्ले तर सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. मासे गेले की शिंपल्यांची पुढची पिढीही गेली. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा ओरड झाली. मेलेला मासा वर तरंगतो, दिसतो; मेलेला शिंपला तळाशीच राहतो. त्यात वाळूउपशाने त्याचे घरच उचलले जाते.

कृष्णा वाईपासून कऱ्हाड, सांगलीपर्यंत महाविद्यालयांच्या दारावरून वाहते. त्यांच्या प्राणिशास्त्र विभागांनी दर उन्हाळ्यात ठरलेल्या घाटांवर जिवंत शिंपले मोजावेत आणि रिकामी कवचे जागा-तारीख लिहून जपून ठेवावीत. त्याला महागडे यंत्र लागत नाही. येत्या उन्हाळ्यात पाणी उतरले की सुरुवात करावी.