ट्रॅक्टरनें ओंडके ओढतांना

शेतांतील साग तोडीस आला व १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणें परवानगी मिळाली, म्हणजे ओंडके बाहेर काढण्यास हल्लीं बैलांऐवजीं ट्रॅक्टर जुंपला जातो. त्यानें वेळ वांचतो हें खरें. परंतु नांगरटीचा अनुभव या कामीं पुरेसा नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ओंडका खुंटाला अडकला कीं मागचीं चाकें जागींच रुततात आणि इंजिनाचें बळ ट्रॅक्टरचें तोंड वर उचलूं लागतें. अशा वेळीं साखळी मागच्या आंसाला किंवा टॉप लिंकच्या जागीं बांधलेली असेल, तर एक-दीड सेकंदांत ट्रॅक्टर चालकावर उलटतो. क्लच दाबण्यासही अवकाश मिळत नाहीं. म्हणून साखळी आंसाखालच्या ड्रॉबारलाच बांधावी. ओंडके बेताचे कापावे, वाटेंतील खुंट आधीं काढावे, आणि चालकाच्या बैठकीवर लोखंडी संरक्षक चौकट व कमरेला पट्टा असावा. तीव्र उतारावर व ओल्या जमिनींत बैलच बरे.

ट्रॅक्टर भाड्याचा व चालक मोलाचा असला, तरी साखळी कोठें बांधली आहे हें मालकानें स्वतः वांकून पाहावें. ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतां येणार नाहीं.