माती हलते, पैसा अडतो

वस्तू व सेवा कराच्या दरांची जी फेररचना २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आली, तिच्यातील घरगुती वस्तूंवरील सवलतींची चर्चा घरोघर झाली. त्याच फेररचनेतील आणखी एक बदल मात्र सर्वसामान्य वाचकाच्या नजरेत भरण्यासारखा नव्हता. ज्या शासकीय कामांच्या मूल्यात मातीकामाचा वाटा पाऊण हिश्श्याहून अधिक असतो, त्यांच्यावरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. जुलै २०२२ पूर्वी हाच दर ५ टक्के होता. कराचा दर योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. परंतु या कराचा भरणा ज्याच्या हातून होतो, त्या लहान मातीकाम कंत्राटदाराची आर्थिक प्रकृती कशी आहे, याचा विचार त्या निमित्ताने होणे अगत्याचे आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेची ख्याती तालमी आणि फुटबॉल यांमुळे दूरवर पोहोचलेली आहे. पेठेला लागूनच असलेला रंकाळा हा मुळात दगडाची खाण होता, असे परंपरेने सांगितले जाते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, ते १९०९ च्या सुमारास. नदीत खांब उभारून फळ्यांनी पाणी अडविण्याच्या बंधाऱ्याला तर सबंध महाराष्ट्रात ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हेच नाव पडले. माती आणि दगड हलविण्याची कला या परिसराला नवी नाही. नवे आहे ते तिचे अर्थशास्त्र.

पूर्वी हे काम प्रामुख्याने वडार समाजाच्या कष्टांवर चाले. पहार, टिकाव, पाटी आणि गाढव हे त्याचे भांडवल, आणि शंभर घनफुटांचा ‘ब्रास’ हे त्याचे माप. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेने मातीकामाकडे पाहिले, ते मजुराच्या हाताला काम देण्याचे साधन म्हणून. त्याच दशकाच्या अखेरीस, १९७९ मध्ये, इंग्लंडच्या जेसीबी कंपनीने एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातील बल्लभगढ येथे उत्पादन सुरू केले. पुढे त्या कंपनीचे नाव यंत्राचेच नाव होऊन बसले. पोक्लेन या फ्रेंच नावाचे ‘पोकलेन’ झाले. २०१५ नंतर जलयुक्त शिवार आणि २०१७ पासून गाळमुक्त धरण या योजनांनी राज्याच्या अवर्षणग्रस्त भागात या यंत्रांची मागणी वाढविली. कोल्हापुरात फुलेवाडी, कळंबा, पाचगावकडे पसरलेली उपनगरे, गोकुळ शिरगाव व कागलच्या औद्योगिक वसाहती आणि महामार्गांची कामे यांनी तेच केले. कालपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली चालविणारा तरुण आज कर्ज काढून जेसीबी घेतो आणि स्वतःला कंत्राटदार म्हणवितो. यंत्र दारात आले म्हणजे उत्कर्ष दारात आला, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे?

तासाचे गणित

एक नमुन्याचा हिशेब मांडून पाहावा. आकडे प्रमाण समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. यंत्राची किंमत ३५ लाख रुपये, पैकी पदरचे ५ लाख आणि कर्ज ३० लाख. दहा टक्के व्याजाने चार वर्षांच्या मुदतीवर मासिक हप्ता सुमारे ७६ हजार रुपये होतो. चालक व मदतनीस यांचा पगार ३० हजार आणि विमा, दुरुस्ती, टायर वगैरेंसाठी १९ हजार धरले, तर यंत्र जागचे न हलताही महिन्याला सव्वा लाख रुपये खर्च ठरलेला आहे. भाडे तासाला १,२०० रुपये आणि डिझेल-तेलाचा खर्च ५०० रुपये मानला, तर तासामागे ७०० रुपये हाती उरतात. म्हणजे केवळ खर्च भरून निघण्यासाठी दरमहा सुमारे १७९ तास यंत्र चालले पाहिजे.

पण कोल्हापुरात पावसाळ्याचे चार महिने मातीकाम जवळजवळ बंद असते. त्या काळात महिन्याला ५० तास काम मिळाले असे मानले, तर उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा सुमारे २४३ तास भरावे लागतात. महिन्याचे २६ दिवस रोज नऊ तासांहून अधिक! यात मालकाच्या स्वतःच्या श्रमाचा मोबदला आणि पदरच्या पाच लाखांवरील व्याज धरलेलेच नाही.

त्यातच स्पर्धेची भर पडते. यंत्र हे स्वतःच उत्तम तारण असल्यामुळे वित्तसंस्था त्यासाठी कर्ज देण्यास उत्सुक असतात. एकाचे पाहून दुसरा, दुसऱ्याचे पाहून तिसरा यंत्र घेतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो. सर्वांचे निर्णय एकत्र आले की भाड्याचा दर घसरतो. वरील हिशेबात दर तासाला अवघ्या १०० रुपयांनी उतरला, तर आठ महिने रोज अकरा तास यंत्र चालविल्याखेरीज खर्चाची तोंडमिळवणी होत नाही. तात्पर्य, नुसते तास विकणारा यंत्रमालक बहुधा बँकेसाठी राबत असतो.

तासाकडून मापाकडे

खरी वाढ होते ती कंत्राटदार तास विकण्याचे सोडून पुरे केलेले काम विकू लागतो तेव्हा. पाया खणणे, मुरूम भरणे, सपाटीकरण, गटारीचा चर हे सारे ब्रासच्या किंवा घनमीटरच्या दराने अंगावर घेतले, की काम लवकर उरकण्याचा लाभ त्याच्या पदरात पडतो. मात्र तेथे यंत्राच्या ताकदीपेक्षा नियोजन अधिक मोलाचे ठरते. समजा, एक डंपर भरण्यास आठ मिनिटे लागतात आणि तो माती टाकून परत येण्यास बत्तीस मिनिटे. यंत्र अखंड चालण्यासाठी पाच डंपर हवेत. दोनच डंपर असतील, तर चाळीस मिनिटांपैकी चोवीस मिनिटे यंत्र नुसते उभे राहील.

यंत्राची निवडही जागेला साजेशी हवी. पेठेतील अरुंद बोळात जुने घर पाडून नवा पाया घ्यावयाचा असेल, तर अवजड पोकलेनचा उपयोग नाही. तेथे दोन-तीन टनांचे छोटे उत्खनन यंत्र आणि ट्रॅक्टर-ट्रॉली यांचीच जोडी चालते. काळा कातळ लागला, तर पूर्वी ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर व सुरुंग यांवर भिस्त असे. आज त्याच यंत्राच्या भुजेला ब्रेकर जोडता येतो. कोल्हापूरला या बाबतीत एक नैसर्गिक अनुकूलता आहे. ओतकामाचे कारखाने आणि शिवाजी उद्यमनगरातील कार्यशाळा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पिन-बुश झिजले, बकेटचे दात तुटले, तरी यंत्र फार दिवस अडून पडत नाही. तथापि उत्सर्जनाचे नवे निकष चाकाच्या यंत्रांना एप्रिल २०२१ पासून आणि त्यापुढचे जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले, तसा केवळ कानाने दोष ओळखणारा मिस्त्री अपुरा पडू लागला आहे. चालक आणि कारागीर यांच्या प्रशिक्षणाची सोय स्थानिक तंत्रनिकेतनांनी केली, तर ते दोघांच्याही हिताचे होईल.

कायद्याचे ज्ञान हाही आता व्यवसायाचा भाग झाला आहे. मुरूम व माती ही गौण खनिजे आहेत. परवान्याविना उत्खनन केल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ अन्वये जबर दंड होतो आणि यंत्रही सरकारजमा होऊ शकते. उलट, पायासाठी खणलेली माती त्याच भूखंडाच्या सपाटीकरणासाठी वापरली, तर तीवर स्वामित्वधन लागू होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात दिला आहे. हा भेद ज्याला ठाऊक नाही, त्याचे वर्षाचे उत्पन्न एका पंचनाम्यात जाऊ शकते.

लोखंडाला कर्ज, कामाला नाही

मापाने काम घेणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो तो खेळत्या भांडवलाचा. डिझेल आणि डंपरचे भाडे रोख द्यावे लागते, मजुरी आठवड्याच्या बाजाराला. देयक मात्र मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन, सह्यांच्या पायऱ्या चढून, निधी उपलब्ध झाल्यावर मिळते. त्यातूनही प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर, कामगार कल्याण उपकर आणि सुरक्षा ठेव यांची कपात होते. देयक दाखल झाले की कराची जबाबदारी सुरू होते, पैसा कधीही येवो. डिझेल तर या कराच्या कक्षेबाहेरच असल्याने त्यावरील कराची वजावट मिळत नाही.

वीस लाखांच्या कामात दहा टक्के, म्हणजे दोन लाख नफा आहे असे मानू. खर्चाचे अठरा लाख दरमहा शेकडा दोन दराने उसने घेतले आणि देयक सहा महिने रखडले, तर व्याजच दोन लाख सोळा हजार होते. काम चोख झाले, माप बरोबर भरले, आणि तरीही कंत्राटदार तोट्यात गेला! २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभरातील कंत्राटदार रस्त्यावर आले, त्यामागे हेच गणित होते. मोठ्या कंपनीच्या हाताखाली काम करणाऱ्या उपकंत्राटदाराची स्थिती याहूनही बिकट असते. शासनाच्या दप्तरी त्याचे नावच नसते. मग त्याची थकबाकी कोठून असणार?

लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. परंतु कामाच्या कंत्राटांना हा कायदा लागू होत नाही, असा दृष्टिकोन मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेला आहे. देयकांवर आगाऊ रक्कम मिळवून देणाऱ्या ‘ट्रेड्स’ या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना २०१८ मध्ये आणि २५० कोटींवरील कंपन्यांना २०२४ मध्ये नोंदणी सक्तीची झाली. नगरपालिका आणि जिल्हा परिषदा, ज्यांच्याकडे या लहान माणसाचा पैसा अडकतो, त्या या सक्तीत नाहीत. म्हणजे लोखंड विकत घेण्यासाठी कर्ज सहज मिळते. त्या लोखंडाने केलेल्या कामावर मात्र कोणी कर्ज देत नाही.

उपाय अवघड नाहीत. राज्य शासनाने कामाच्या कंत्राटांना ४५ दिवसांची मर्यादा आपल्या नियमांनीच लागू करावी आणि निधीची तरतूद असल्याखेरीज कार्यारंभ आदेश देऊ नये. स्थानिक स्वराज्य संस्थांची मंजूर देयके ट्रेड्सवर यावीत. मुख्य कंत्राटदाराने उपकंत्राटदाराचे पैसे चुकते केल्याची नोंद पुढील देयकासोबत सक्तीची असावी. नागरी सहकारी बँकांची मोठी परंपरा असलेल्या कोल्हापुरात आणखी एक पाऊल टाकता येईल. आजची यंत्रे किती तास चालली याची नोंद मालकाच्या फोनवर येते. ती नोंद आणि मोजमाप पुस्तिका एकत्र वाचून बँकांना खेळते भांडवल देता येईल.

यंत्रांनी मजुरांचा रोजगार हिरावला, मग यंत्रमालकाची कणव कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. पिढ्यानपिढ्या पहार चालविणाऱ्या समाजाला त्या बदलाची भरपाई कोणी दिली नाही, हे सत्य आहे. त्याच वस्त्यांतील मुले आता चालकाच्या आसनावर बसू लागली, तर त्यांतील काहींनी उद्या मालक व्हावे, हीच त्या अन्यायाची थोडीबहुत भरपाई ठरेल. पण पाच लाख जमवून यंत्र घेणाऱ्या त्या मुलाचा पहिलाच मोठा हिशेब सरकारी टेबलावर सहा महिने पडून राहिला, तर यंत्र वित्तसंस्था ओढून नेईल आणि तो पुन्हा दुसऱ्याच्या यंत्रावर रोजंदारीने बसेल. त्याला सवलतीचे कर्ज, अनुदान यांपैकी काहीच नको आहे. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळावेत, एवढेच त्याचे मागणे आहे.